विंचवावरचा उतारा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मनियाराच्या घरात जन्मलेल्या पोराला दोन गोष्टी फार लवकर कळतात. काच कशी हाताळायची, आणि बाईचा हात कसा दाबायचा म्हणजे बांगडी चढेल पण हात दुखणार नाही. माझे अब्बा बांगड्या विकायचे. महाशिवरात्रीला भीमाशंकरच्या जत्रेत आमचं दुकान असायचंच, पण खरा धंदा फिरतीचा. घोडेगावाहून वर डोंगराकडे सरकत जायचं, भीमाशंकरच्या अंगाखांद्यावरच्या वाड्यावस्त्यांमधून पेटी डोक्यावर घेऊन हिंडायचं. महादेव कोळ्यांच्या त्या वस्त्या. रोख पैसा कमी. बांगड्यांच्या बदल्यात कुणी भात द्यायचं, कुणी नाचणी, कुणी वाळवलेला हिरडा. हिरडा घोडेगावच्या व्यापाऱ्याला घातला की चार पैसे हातात यायचे. मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून मी आणि माझी धाकटी बहीण अब्बांबरोबर असायचो. मुक्काम कुणाच्या तरी पडवीत. एका घरची म्हातारी तर आम्हाला नातवंडंच मानायची. ती तेव्हा म्हातारी नव्हती म्हणा, मला वाटायची.

१९८२ चा मे महिना. मी बारा वर्षांचा, बहीण आठ. संध्याकाळी चुलीसाठी जळण आणायला ती त्या घरच्या पोरींबरोबर परसात गेली आणि लाकडाच्या ढिगात तिने हात घातला. किंकाळी ऐकून सगळे धावलो. पोरींनी विंचू पाहिला होता. लहानसा, लालसर. मोठी काळी इंगळी नव्हती, म्हणून मोठ्यांनी जरा सुस्कारा टाकला. आता कळतं, तिथेच चुकत होतं. काळी, दांडगी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचं विष त्या मानाने सौम्य. जीव घेतो तो हा बोटभर लाल विंचू.

पहिला अर्धा तास ती दुखण्याने तळमळली. वस्तीवरच्या भगताला बोलावलं. त्याने राख लावली, मंत्र म्हटला. अब्बांनीही आपल्याला येत होत्या त्या आयती म्हणून तिच्या बोटावर फुंकर घातली. दोघांच्या डोळ्यांत सारखीच काळजी होती, हे मला अजून आठवतं. आणि गंमत अशी, खरं तर गंमत हा शब्द इथे शोभत नाही, की उतारा पडला असं वाटलं. दुखणं कमी झालं, पोर गप्प झाली. मग तिला घाम सुटला. कपडे पिळून काढावेत इतका. दोनदा उलटी झाली. मी तिचे पाय धरून बसलो होतो, आणि मे महिन्यात ते पाय ओढ्याच्या पाण्यासारखे गार पडत गेले.

तेव्हा अब्बा घाबरले. घोंगडीची झोळी केली, वाशाला बांधली, चौघांनी खांद्यावर घेतली. रस्त्यापर्यंत दोन-अडीच तास पायी, पुढे एका ट्रकमधून दवाखाना. दवाखाना कुठला ते सांगत नाही, कारण त्याचा दोष नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांनी झोपेतून उठून, शर्टाची बटणं लावत लावत, पुस्तकात जे होतं ते सगळं केलं. बोटात भुलीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणखी दोन-तीन इंजेक्शनं दिली. पहाटे तिला खोकला सुरू झाला. तोंडाला गुलाबी फेस आला. उजाडायच्या आत ती गेली.

आमच्या घरात या रात्रीबद्दल पुढे कुणी बोललं नाही. अम्मा बोलली नाही, अब्बा तर नाहीच. त्यांनी त्या वाटेवरची फिरती बंद केली. मी कविता लिहायला लागलो, बी.ए. झालो, पण तिच्यावर मला एक ओळही लिहिता आली नाही. मराठीत विंचवावरची सगळ्यात प्रसिद्ध रचना एकनाथ महाराजांची आहे. भारूड आहे ते, आणि त्यातला विंचू म्हणजे काम-क्रोध. कॉलेजात सर ते शिकवत होते, सगळा वर्ग हसत होता. मी खाली मान घालून बसलो होतो. महाराजांचा राग आला नव्हता. पण ज्याच्या घरात खरा विंचू येऊन गेला, त्याला रूपक लगेच मानवत नाही.

आज मला सांगायचं आहे ते या विंचवाच्या उताऱ्याबद्दल. तो सापडला, आणि आपल्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी सापडला. कसा, ते सांगतो. मी डॉक्टर नाही. पण हा इतिहास मी मिळेल तिथून गोळा केला आहे, कारण तो माझ्या घरचाही आहे.

थोडं मागे जावं लागेल. विषारी दंशाचं काय करायचं, हा प्रश्न इंग्रज सरकारलाही पडला होता. त्यांचा पहिला उपाय सरळ सरकारी होता: जनावर मारा, बक्षीस घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं फार. तिथे फुरशामागे इनाम लावलं होतं. १८६२ मध्ये इनाम वाढवलं, तर त्या डिसेंबरात आठवड्याभरात एक लाखावर मेलेली फुरसी सरकारदरबारी जमा झाली. एक लाख! हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाची मला दया येते. इतकी मारूनही कोकणातली फुरसी संपली नाहीत. मग जोसेफ फेरर नावाच्या सर्जनने कोंबड्या-कुत्र्यांवर शेकडो प्रयोग केले आणि १८७२ मध्ये भारतातल्या विषारी सापांवर भलामोठा सचित्र ग्रंथ काढला. ग्रंथ देखणा, पण त्यात औषध नव्हतं. उतारा म्हणून जे जे सांगितलं जात होतं, ते ते निरुपयोगी आहे, एवढं मात्र कळलं.

खरी वाट सापडली १८९४-९५ च्या सुमाराला, फ्रान्समध्ये. अल्बेर काल्मेत याने व्हिएतनाममध्ये नाग चावून माणसं मरताना पाहिली होती. त्याने आणि त्याच वेळी पॅरिसमधल्या आणखी दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की जनावराला विष थोडं थोडं टोचत गेलं तर त्याच्या रक्तात विषाला मारणारं काहीतरी तयार होतं, आणि ते रक्तातलं पाणी दुसऱ्याला दिलं तर तो वाचतो. आज आपण ज्याला सापाची लस म्हणतो ती हीच. खरं तर ती लस नव्हे. लस आधी देतात, ही चावल्यावर. पण लोकांच्या तोंडी बसलेला शब्द डॉक्टरांनाही हलवता आलेला नाही. पुढे मुंबईत परळला हे काम सुरू झालं. १८९६ च्या प्लेगात मुंबईला आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी उभारलेली तिथली प्रयोगशाळा, जिला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं, ती घोड्यांच्या रक्तातून सापाच्या विषावरचं औषध बनवू लागली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच औषध.

विंचवाला मात्र कुणी विचारत नव्हतं. साप हा राजा, विंचू हा फडतूस. विंचू चावून कुणी मरतं का, असंच शहरातल्या शिकलेल्यांना वाटायचं. मरत होती ती खेड्यातली पोरं, आणि ती कागदावर कुठे येत नव्हती.

आता त्या माणसाकडे येतो. डॉ. हिंमतराव बावस्कर. १९५१ चा जन्म, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं देहेड हे गाव, शेतकऱ्याचं गरीब घर. नागपूरला एम.बी.बी.एस. केलं आणि १९७६ मध्ये नोकरी लागली ती महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. भीमाशंकरच्या कड्यावर उभं राहून दक्षिणेकडे तोंड केलं तर सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. तोच सह्याद्री, फक्त उतरणीची बाजू. बिरवाडीला विंचू चावलेली माणसं येत होती आणि मरत होती. पुस्तकात लिहिलं होतं, दुखणं थांबवा. दुखणं थांबत होतं आणि माणूस मरत होता.

या नव्या डॉक्टरने काय केलं? माझ्या मते जे केलं ते फार साधं होतं, म्हणूनच आधी कुणी केलं नव्हतं. तो रुग्णाच्या उशाशी बसला. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचा गारवा, आणि सगळं वहीत. प्रयोगशाळा नाही, मोठी यंत्रं नाहीत. रक्तदाबाचा पट्टा, कानाला लावायची नळी आणि वही. एक रुग्ण, मग दुसरा, मग पन्नासावा. या वह्यांतून एक चित्र उमटत गेलं. आधी रक्तदाब भयंकर वाढतो. मग हृदय थकतं. मग फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस आपल्याच छातीत बुडतो. म्हणजे मारेकरी दुखणं नाही, हृदय आहे.

आणि कुणाचं हृदय जाणार, हे आधी ओळखता येतं का? येतं, असं त्यांनी १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिलं. बिरवाडीच्या डॉक्टरचं लिखाण 'लॅन्सेट'मध्ये, हीच त्या काळी केवढी गोष्ट! त्यात त्यांनी धोक्याच्या खुणा सांगितल्या होत्या. उलटी. अंगाला दरदरून घाम. हातपाय गार पडणं.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा चाळिशीत होतो. एका मासिकात त्यांच्या कामावर लेख होता. वाचता वाचता मी मासिक मिटलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. घाम, उलटी, गार पाय. तीन शब्द नव्हते ते, माझी बहीण होती. आणि साल तेच, १९८२. ज्या वर्षी ती गेली त्या वर्षी तिच्या मरणाची पूर्वसूचना दूर लंडनमध्ये छापून आली होती. फक्त ती ना आमच्या दवाखान्यात पोचली होती, ना पोचून उपयोग होता. कारण खूण सापडली होती, औषध सापडायचं होतं.

ते कसं सापडलं ते सांगतो, आणि जरा सावकाश सांगतो, कारण त्यात मला काव्य दिसतं. विंचवाचं विष आपल्या शरीरातल्या मज्जातंतूंची दारं उघडून ठेवतं. मग शरीर आपलंच अॅड्रिनॅलिन ओतू लागतं. वाघ समोर आला की जे रसायन आपल्याला पळायला लावतं तेच. पण वाघ नसताना, आणि थांबायचं नाव नाही. सगळ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय गार पडतात ते म्हणूनच. हृदयाला बंद दारावर धक्के मारत राहावं लागतं. म्हणजे विंचू थेट मारत नाही, तो आपल्याला आपल्याच भीतीने मारतो. मग उपाय काय? आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करा. दार उघडा. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून देऊन पाहिलं. गुण आला, पण ते औषध नाजूक. थेंबाथेंबावर नजर ठेवायला लागते, मोठ्या इस्पितळाचं काम. खेड्यात ते जमणार कसं? तेव्हा प्राझोसिन नावाची गोळी बाजारात होती. रक्तदाबासाठी, मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू रुग्णांना देत असत. रक्तवाहिन्या सैल करणारी, पोटातून घ्यायची, स्वस्त. ती विंचवाच्या रुग्णाला दिली आणि माणसं मरायची थांबली. १९८६ मध्ये हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. तोवर बावस्करांनी पुण्यात एम.डी. करून पुन्हा महाडच गाठलं होतं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी याही डॉक्टर, आणि पुढच्या कितीतरी शोधनिबंधांवर दोघांची नावं आहेत.

आकडा सांगितल्याशिवाय हे पटणार नाही. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम महाराष्ट्रात विंचूदंशाने फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस ते तीस दगावत. प्राझोसिन आल्यावर ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. काही रुपयांची गोळी. तिच्यावर कुणा औषध कंपनीने जाहिरात केली नाही, कारण त्यात कमाई नव्हती. विंचू चावलेला माणूस गिऱ्हाईक म्हणून फारसा कामाचा नाही.

यात एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. त्या काळी जी इतर औषधं दिली जात, अॅट्रोपिन, स्टिरॉइड, गुंगीच्या औषधांचं मिश्रण, त्यांतली काही निष्फळ होती आणि काही अपाय करत होती. देणारे डॉक्टर वाईट नव्हते. आपण चांगलं करतो आहोत या खात्रीनेच ते देत. भगताचीही तीच खात्री होती. मग डॉक्टर आणि भगत यांच्यात फरक काय? डॉक्टरने वही ठेवली, एवढाच. किती आले, काय दिलं, किती गेले. वही खोटं बोलू देत नाही. ज्या डॉक्टरने वही ठेवली नाही त्याच्यात आणि भगतात त्या एका बाबतीत फरक नव्हता, हे कटू आहे पण आहे.

आणि वही ठेवणारा माणूस स्वतःच्या औषधालाही सोडत नाही. पुढे हाफकिनने लाल विंचवाच्या विषावरही प्रतिविष तयार केलं. आता प्रश्न पडला, गोळी पुरे की प्रतिविषही हवं? एखादा आपल्या शोधाला कवटाळून बसला असता. बावस्कर दांपत्याने महाडला ७० रुग्णांची चाचणी केली. कुणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं, म्हणजे डॉक्टरच्या मर्जीवर नाही. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनी पाहिलं तर दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे होते, नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८. आपली गोळी एकटी कमी पडते, हे त्यांनी स्वतःच २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जगाला सांगितलं. चिपळूणच्या डॉक्टर नातू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही आदल्याच वर्षी प्रतिविषाच्या बाजूचे निष्कर्ष छापले होते. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. पद्म पुरस्कारांच्या यादीत मी सहसा कवींची नावं शोधतो. त्या वर्षी ते एक नाव पाहिलं आणि यादी बाजूला ठेवली.

मी महाडला एकदाच गेलो आहे, नव्वदच्या दशकात, कविसंमेलनासाठी. चवदार तळं पाहायचं मनात होतं, ते पाहिलं. ज्या मास्तरांकडे उतरलो होतो त्यांच्या घरात रात्री गडबड उडाली. शेजारच्या मुलाला विंचू चावला होता. मी गारठलो. माझ्याच पायातलं बळ गेलं. मास्तर मात्र शांतपणे चप्पल घालत म्हणाले, "घाबरू नका, इथे त्याची गोळी असते." सकाळी तो मुलगा तालुक्याच्या दवाखान्यातल्या खाटेवर बसून चहात बटर बुडवून खात होता. मी त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिलो की तो लाजला. तेव्हा मला बावस्करांचं नावही ठाऊक नव्हतं. गोळी असते, एवढंच कळलं. संमेलनात मी त्या दिवशी फार वाईट वाचलं.

आता परत आपल्या बाजूला, घाटावर. विंचवाची गोष्ट महाडची, तशी जुन्नर तालुक्यात सापाची एक गोष्ट घडते आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव. ऊस, द्राक्षं, टोमॅटो, म्हणजे पाणी, म्हणजे उंदीर, म्हणजे साप. तिथले डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी कित्येक वर्षं सर्पदंशाचे रुग्ण सांभाळले, आपला अनुभव वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवला, आणि सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये असा ध्यास घेऊन भोवतालच्या गावांत व्याख्यानं दिली, खेड्यातल्या डॉक्टरांना शिकवलं. बावस्करांसारखीच ही गावातली माणसं. विद्यापीठात बसून नव्हे, पेशंटच्या खाटेपाशी बसून शिकलेली.

सर्पदंशातली एक तपासणी मला फार आवडते. घोणस किंवा फुरसं चावलं तर रक्त गोठत नाही. ते ओळखायला काय लागतं? काचेची एक स्वच्छ, कोरडी नळी. तीत रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त थिजलं असेल तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं तर विष अंगात भिनलं आहे, प्रतिविष द्या. बस. लाख रुपयांचं यंत्र नाही, काचेची नळी आणि घड्याळ. काचेशी माझ्या घराण्याचा संबंध आहे म्हणूनही असेल, पण ही नळी मला दागिन्यासारखी वाटते. नाग-मण्यारीचं वेगळं. ते श्वास थांबवतात. तिथे प्रतिविषाबरोबर श्वास चालू ठेवावा लागतो, आणि मोठं यंत्र मिळेपर्यंत हाताने दाबायची रबरी पिशवीही माणसाला जिवंत ठेवते. दाबणारा हात मात्र थकता कामा नये.

या सगळ्याचं देशपातळीवरचं चित्र २०२० मध्ये आलं. सरकारी रुग्णालयांच्या नोंदींवर विसंबून न राहता, घरोघर जाऊन, तुमच्या घरातला माणूस कसा गेला हे विचारून केलेला तो अभ्यास. त्यातून निघालं की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले पाव भागाहून जास्त १५ वर्षांखालचे. बहुतेक खेड्यात, आणि बरेच घरातच. आमच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण तुम्हाला आठवत असेल. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गाडली गेली. साऱ्या देशाने बातमी पाहिली, पंतप्रधानांनी दुःख व्यक्त केलं, पुढे नवं गाव उभं राहिलं. हे व्हायलाच हवं होतं. पण ५८ हजार म्हणजे रोज एक माळीण. ती एकेक करून, वेगवेगळ्या अंगणांत जातात, म्हणून दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं ते २०१७ मध्ये. आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असा. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राज्यांना सांगितलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. पुन्हा वहीच.

चावल्यावरचं हे झालं. चावू नये म्हणून काय, यावरही अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष ऐकून आपली आजी हसली असती, कारण ती तेच सांगायची. खाटेवर झोपा, जमिनीवर नको. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बरेचदा दुखतही नाही. सकाळी पोटात दुखतं म्हणून माणूस उठतो आणि पापण्या उघडत नाहीत. नेपाळच्या तराईत असं दिसलं की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप कमी चावतात. तिथेच आणखी एक नामी युक्ती केली: गावातल्या तरुणांनी मोटारसायकलवर रुग्णाला मधे बसवून, मागून एकाने धरून दवाखान्यात न्यायचं. रुग्णवाहिकेची वाट पाहायची नाही. मृत्यू झपाट्याने कमी झाले. बाकी मग साधंच. रात्री बॅटरी. बूट झटकून घालणं. लाकडं, गोवऱ्या, दगड घरापासून दूर. ढिगात हात घालण्याआधी काठीने ढवळणं. आणि दंश झाल्यावर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. हातपाय न हलवता दवाखाना.

गेल्या वर्षी मी त्या वाडीवर गेलो. बेचाळीस वर्षांनी. आता थेट डांबरी रस्ता आहे, खाली डिंभ्याच्या धरणाचं पाणी चमकतं, शनिवार-रविवारी भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांची रांग. घर तेच, कौलांच्या जागी पत्रा. म्हातारी आता खरीच म्हातारी झाली आहे. मी कुणाचा कोण हे सांगितल्यावर तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तवा आमी भगताला बोलावलं," ती म्हणाली. "तुझ्या बापाला म्हणलं, थांब, उतरंल. त्यात येळ गेला. म्या थांबवलं नसतं तर पोर जगली असती."

म्हणजे बेचाळीस वर्षं ती हे घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं, आजी, तुम्ही लगेच जरी निघाला असता, डोंगराला पंख फुटले असते, तरी खाली त्या दवाखान्यात काही नव्हतं. औषधच तेव्हा सापडलं नव्हतं. ते चार वर्षांनी जगाला कळलं. तुमच्या त्या तासाने काही बिघडलं नाही. ती ऐकत होती. पटलं की नाही, सांगता येत नाही. अब्बांनाही हे सांगायचं होतं. ते ऐकायच्या आधीच गेले.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मंग आता?"

"आता आहे," मी म्हटलं. "आता तासाला किंमत आहे. आता भगताला बोलवायचं नाही."

तिचा पणतू बारावीला आहे, मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. तिने त्याला हाक मारली. दाराच्या बाजूला, भिंतीवर कोळशाने १०८ लिहिलेलं होतं, ती रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. म्हातारी म्हणाली, "ह्यो सांगतोय ते बी लिव्ह." मी म्हटलं, गोळी आपण घरी द्यायची नाही हं, डॉक्टरच देतात, रक्तदाब बघून. ती म्हणाली, लिहून तर ठेवू दे, इचारायला बरं. पोराने चुलीतला कोळसा उचलला आणि मला विचारलं, प्राझोसिनमधला झो ऱ्हस्व की दीर्घ?

मी म्हटलं, ओला ऱ्हस्व-दीर्घ नसतं. लिही.